लंडनमध्ये मोकळी, अँटिग्वात गुलाम

गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर आधी अमेरिका येते. कापसाची शेतं, लिंकन, यादवी युद्ध. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं तेही अमेरिकेतल्या लोकांनाच, त्यामुळे आपल्या डोक्यात ते अगदी घट्ट बसलंय. पण आकडे बघायला बसलं की चित्र वेगळंच निघतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून साधारण सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली, त्यातली आजच्या अमेरिकेच्या जमिनीवर उतरवली ती चार लाखांच्या आसपास, बाकी जी जिवंत पोचली ती जवळजवळ सगळी ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर. आणि तिकडे एवढी माणसं लागत कशाला होती, तर मुख्यतः साखरेला.

मी सध्या जे वाचतेय ते त्यातल्या एका बेटाबद्दल आहे, अँटिग्वा. क्रिकेट बघणाऱ्यांना व्हिव रिचर्ड्समुळे नाव माहीत असेल. २८० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्म्याहून कमी, आणि त्या एवढ्याशा जागेत जिकडे बघावं तिकडे ऊस आणि ऊस गाळायच्या पवनचक्क्या. १८३४ साली गुलामी संपली तेव्हा तिथे तीसेक हजार गुलाम होते.

एक गोष्ट आधी सांगते कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. ऊसमळ्यावर सगळ्यात मरणाचं काम म्हणजे 'मोठी टोळी', जमिनीत कुदळीने खड्डे खणायचे, खत डोक्यावरून वाहायचं, ऊस तोडायचा, गाळपाच्या दिवसांत रात्रपाळीत चरकाला ऊस घालायचा. आपल्याला वाटतं तिथे सगळे दणकट पुरुष असणार. तर नाही, शेवटच्या काही दशकांत कितीतरी मळ्यांवर या टोळीत बायकाच जास्त होत्या. कारण सुतार, पिंप बनवणारे, कढईवर रस आटवणारे, मुकादम ही कामं पुरुषांना मिळायची, बाईला हुन्नराचं काम म्हणजे फारतर घरकाम, शिवण, धुणं नाहीतर सुईणपण. म्हणजे उरलेल्या सगळ्यांना कुदळ. आणि कायदा असा की मूल आईच्या मागे जातं, बाप मळ्याचा गोरा मालक असला तरी आई गुलाम तर मूल गुलाम. त्यामुळे बाईने स्वतःला सोडवणं म्हणजे पुढच्या सगळ्या पिढ्या सोडवणं, आणि मालकाच्या बाजूने बघितलं तर तेवढी सगळी मालमत्ता हातची जाणं. हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत होतं.

आता केस.

ग्रेस जोन्स नावाची अँटिग्वातली एक घरकाम करणारी गुलाम बाई. १८२२ साली तिची मालकीण मिसेस अ‍ॅलन तिला घेऊन इंग्लंडला गेली, १८२३ मध्ये दोघी परत आल्या. १८२५ मध्ये कस्टम्सच्या माणसाने ग्रेसला ताब्यात घेतलं, मुद्दा असा की ही बाई इंग्लंडात राहून आली म्हणजे मोकळी झाली, मग तिला परत गुलाम म्हणून बेटावर आणणं ही बेकायदा आयात आहे. (माणसाची केस आणि ती आयात-मालाच्या कायद्यात लढवली जातेय, कारण दुसरा कुठला कायदा तिच्या उपयोगाचाच नव्हता!) मुद्द्यात दम होता. १७७२ साली लंडनमध्ये सॉमरसेट नावाच्या गुलामाच्या खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल दिला होता की इंग्लंडातून गुलामाला जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही, आणि लोकांनी त्याचा अर्थ लावला की इंग्लंडच्या जमिनीला पाय लागला की माणूस सुटला.

अँटिग्वाच्या कोर्टाने ग्रेसला मालकाच्या हवाली केलं. अपील लंडनला गेलं, आणि १८२७ मध्ये लॉर्ड स्टोवेल या म्हाताऱ्या जज्जाने सांगितलं की इंग्लंडमध्ये असताना मालकाला तिच्यावर जोर चालवता येत नव्हता हे खरं, पण म्हणून गुलामी संपली असं नाही, ती फक्त तात्पुरती थांबली होती. बाई परत बेटावर आली, गुलामीही परत चालू. पंख्याचं बटण बंद करावं आणि चालू करावं तसं. मला हा निकाल वाचून जेवढा राग आला तेवढा चाबकाची वर्णनं वाचूनही आला नव्हता, कारण यात कोणी ओरडत नाहीये, सगळं अत्यंत सभ्य भाषेत चाललंय.

ग्रेस अँटिग्वातच राहिली. तिच्या निकालानंतर वर्षभरात तिथलीच दुसरी एक बाई लंडनला उतरली आणि नेमकी याच सापळ्यात सापडली, तिचं नाव मेरी प्रिन्स.

मेरी मूळची बर्म्युडा बेटावरची, जन्म १७८८ च्या सुमाराचा. आई घरकामाला, बाप लाकूड कापणारा, दोघंही गुलाम, मालक वेगवेगळे. मेरी बारा-तेरा वर्षांची असताना घरची मालकीण वारली आणि मालकाला दुसऱ्या लग्नासाठी पैसे हवे होते म्हणून त्याने तीन बहिणी विकायला काढल्या. आईनेच पोरींना कपडे घालून बाजारापर्यंत चालत नेलं. तिघी एकाच दिवशी तीन घरी गेल्या. मेरीला ५७ पौंड आले, बर्म्युडाच्या चलनात.

पुढचं सगळं मी इथे लिहीत नाही. नवीन घरात हेटी नावाची गरोदर बाई होती, गाय सुटली म्हणून तिला मारलं आणि ती त्यातच गेली, आणि मग हेटीची सगळी कामं मेरीच्या अंगावर आली. तिथून मेरी पळाली, कुठे, तर आईकडे. आईने तिला खडकांच्या कपारीत लपवलं. शेवटी बापाने परत नेऊन सोडलं तेव्हा या पोरीने मालकाच्या तोंडावर सांगितलं की आता मार सहन होत नाही. त्या दिवशी मारलं नाही म्हणे! मग टर्क्स बेटावर मिठागरात काही वर्षं, गुडघाभर खारट पाण्यात उभं राहून पायांना फोड, मग परत बर्म्युडा. तिथला मालक स्वतः नागडा होऊन टबात बसायचा आणि तिला अंघोळ घालायला बोलवायचा, ती जायची नाही, मार खायची, आणि एका टप्प्यावर तिने त्याला उलट प्रतिकार केला आणि तुझ्याकडे राहणार नाही म्हणून सांगितलं. नंतर तिला कळलं की जॉन वूड नावाचा माणूस अँटिग्वाला निघालाय, तर तिने स्वतःच मागणी केली की मला याला विका. ३०० डॉलरला सौदा झाला, साल १८१५ च्या आसपास.

गुलाम बाई स्वतःच्या विक्रीचं गिऱ्हाईक स्वतः निवडतेय हे मला आधी पचलंच नाही, पण असं ती पुढेही करते, आणि तिच्या लढण्याची पद्धत तिथेच दिसते. आपल्याला बंडवाल्या बाया लवकर आठवतात, आणि त्या होत्याच. ग्वादलूपची सोलितूद, १८०२ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी गुलामी परत आणली तेव्हा लढली, पोटुशी होती म्हणून फाशी थांबवली आणि बाळंत झाल्यावर दुसऱ्या दिवशी दिली. क्युबातली कार्लोता, १८४३ मध्ये त्रिउंविरातो नावाच्या साखरेच्या मळ्यावरच्या उठावात मारली गेली. जमैकातल्या पळालेल्या गुलामांची पुढारी नॅनी तर त्यांच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. मेरीकडे सुरा नव्हता. तिच्याकडे धुणं होतं.

अँटिग्वाच्या सेंट जॉन्स गावात वूडचं घर होतं. मेरी तिथे मुलं सांभाळायची, धुवायची, आणि संधिवाताने इतकी जखडली होती की कधी कधी काठीशिवाय चालता यायचं नाही. वूड मंडळी घराबाहेर गेली की ही बाहेरचं धुणं घ्यायची. बंदरात आलेल्या जहाजांच्या कप्तानांना कॉफी, सुरणासारखे कंद, खायचं सामान विकायची. जहाजावर डुक्कर स्वस्तात घ्यायचं आणि किनाऱ्यावर दुप्पट भावाने विकायचं. एका डुकरावरून दुसऱ्या गुलाम बाईशी भांडण झालं तर मालकिणीने मेरीला रात्रभर कोठडीत टाकलं, दुसऱ्या दिवशी फटके, आणि मग जज्जाने चौकशी करून डुक्कर मेरीचंच आहे असा निर्णय दिला. फटके मात्र आधीच खाऊन झालेले.

हे सगळं कशासाठी? स्वतःला विकत घ्यायला. तिने शंभरेक डॉलर साठवले होते, थोडी मदत मिळाली तर पुरले असते. मालकीण भांडणात म्हणायची दुसरा मालक शोध, तर ही खरंच गेली, अ‍ॅडम व्हाइट नावाच्या पैसेवाल्या मोकळ्या काळ्या पिंपवाल्याकडे, आणि म्हणाली मला विकत घे. तो लगेच वूडकडे गेला. वूड म्हणाला विकायची नाहीये, आणि दुसऱ्या दिवशी मेरीला फटके. म्हणजे रोज म्हणायचं की ही नालायक आहे, कामाची नाही, आणि कोणी रोख पैसे घेऊन आलं की विकायची नाही! असं निदान दोन-तीनदा झालंय. मला यात पैशाचा हिशेब दिसत नाही. आजारी, चाळिशीला आलेली बाई, बाजारभावाने कितीशी किंमत. पण तिने स्वतः ठरवून सुटायचं हे त्यांना चालत नव्हतं.

ती मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनच्या चर्चमध्ये जायला लागली, तिथे वाचायला शिकली, आणि १८२६ च्या ख्रिसमसला तिथेच डॅनियल जेम्सशी लग्न केलं. हा सुतारकाम आणि पिंपं करणारा विधुर, स्वतःच्या कमाईतून मोकळा झालेला. मालकाला न विचारता लग्न केलं म्हणून वूडने घोड्याच्या चाबकाने मारलं. मालकिणीचं म्हणणं काय, तर त्या काळ्या नवऱ्याचे कपडे माझ्या घरातल्या टबात धुतलेले चालणार नाहीत.

१८२८ मध्ये वूड कुटुंब मुलाला शाळेत घालायला लंडनला निघालं आणि मेरी सोबत गेली. संधिवाताला तिकडची हवा बरी पडेल, आणि नवऱ्यालाही वाटत होतं की तिकडे गेल्यावर मालक हिला सोडून देईल. तिकडे गेल्यावर परत तेच, अंग सुजलेलं आणि समोर धुण्याचे डोंगर. नाही म्हटलं की 'मग चालती हो'. हे त्यांनी इतक्यांदा सुनावलं कारण त्यांना खात्री होती की ही परक्या शहरात जाणार कुठे. वूडने तर तिला लेखी चिठ्ठी दिली, तारीख १८ ऑगस्ट १८२८, की ही स्वतःच्या विनंतीवरून आली आहे, त्यामुळे आता मोकळी आहे, सामान घेऊन कुठेही जावं. पुढे हाच माणूस तिला अँटिग्वात मोकळी करायला कुठल्याही किमतीला तयार झाला नाही.

ती गेली. बूट पॉलिश करणाऱ्या मॅश नावाच्या माणसाने आणि त्याच्या बायकोने ट्रंक उचलायला मदत केली, घरात जागा दिली. मग ती गुलामीविरोधी संस्थेच्या ऑफिसात पोचली, आणि तिथल्या वकिलांनी जे सांगितलं ते म्हणजे थोडक्यात ग्रेसचा निकाल, इथे आहेस तोवर तू मोकळी, अँटिग्वात पाऊल ठेवलंस की वूडची. आणि डॅनियल अँटिग्वात.

मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथे आहे. बऱ्याच ठिकाणी हिची गोष्ट 'इंग्लंडला आली आणि स्वतंत्र झाली' अशी सांगतात. तिला स्वतःला असं अजिबात वाटत नव्हतं. थंडी, परकी माणसं, दुखणारे सांधे आणि नवरा समुद्रापलीकडे, याला तिने स्वातंत्र्य मानलंच नाही. तिला आपल्या गावी, आपल्या माणसांत, मोकळी म्हणून जायचं होतं. २४ जून १८२९ ला ब्रिटिश संसदेत तिच्या नावाने अर्ज दाखल झाला, गुलामीविरुद्ध संसदेत अर्ज करणारी ती पहिली बाई, आणि अर्जात मागितलंय तेवढंच, गुलामीत न पडता नवऱ्याकडे परत जाता यावं. वूडला अगदी अँटिग्वाच्या गव्हर्नरमार्फतही विचारून बघितलं. तर त्याने उत्तरात तिच्या चारित्र्याबद्दल पानभर घाण लिहून पाठवली आणि सोडायला नकार दिला.

संस्थेचे सेक्रेटरी थॉमस प्रिंगल यांच्या घरी मेरी कामाला लागली आणि आपली हकिकत छापावी ही कल्पना तिचीच. तिने सांगायचं, घरी राहायला आलेली सुझॅना स्ट्रिकलंड लिहून घ्यायची, प्रिंगल तपासायचे. १८३१ मध्ये 'द हिस्टरी ऑफ मेरी प्रिन्स' हे पुस्तक आलं आणि वर्षभरात तीन आवृत्त्या निघाल्या. ब्रिटनमध्ये काळ्या बाईचं आयुष्य पहिल्यांदा छापून आलं ते हे. ऑनलाइन फुकट मिळतं, लहान आहे, पण नुसती तिची हकिकत वाचून थांबू नका, मागे प्रिंगलनी वूडची पत्रं आणि स्वतःची उत्तरं जोडलीयत ती वाचा.

त्या काळच्या इंग्लंडातल्या बायकांबद्दल इथे दोन शब्द. त्यांनी कामही खूप केलं, घरोघरी फिरून वेस्ट इंडीजची साखर घेऊ नका म्हणून सांगितलं, एलिझाबेथ हेरिकने १८२४ मध्येच 'हळूहळू नको, आत्ता सोडा' असं लिहिलं जेव्हा मोठमोठे पुरुष नेते हळूहळूच्या बाजूचे होते. साखरेच्या भांड्यांवर छापून यायचं की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. (ईस्ट इंडिया म्हणजे आपणच. कंपनीच्या राज्यात शेतमजुराचं किती बरं चाललं होतं ते सोडा.) पण याच भल्या बायकांच्या बर्मिंगहॅमच्या मंडळाला मेरीच्या शब्दावर भागलं नाही, अंगावर खरंच वळ आहेत का अशी विचारणा आली. मग मिसेस प्रिंगल आणि आणखी काही जणींनी तिची पाठ बघितली आणि लिहून कळवलं की सगळी पाठ वणांनी भरलेली आहे. बाईने सगळं आयुष्य सांगितलं, छापून आलं, तरी कपडे काढून दाखवावं लागलं.

आणि 'सगळं' तरी कुठे छापलं होतं. १८३३ च्या फेब्रुवारीत दोन बदनामीचे खटले झाले, मेरीने दोन्हीत साक्ष दिली. एकात प्रिंगलनी त्यांची बदनामी छापणाऱ्या मासिकाच्या प्रकाशकावर दावा लावला आणि त्यांना ५ पौंड मिळाले. दुसऱ्यात वूडने पुस्तकावरून प्रिंगलवर लावला, अँटिग्वाहून साक्षीदार आणणं प्रिंगलना जमणार नव्हतं, वूडला २५ पौंड मिळाले. त्या उलटतपासणीत मेरीने सांगितलं की लग्नाआधी ती अ‍ॅबट नावाच्या कप्तानाबरोबर सात वर्षं राहिली होती, आणि दुसरा एक मोकळा माणूस होता ज्याने तुला सोडवीन असं वचन दिलं होतं. आणि हे सगळं तिने लिहून घेणाऱ्या बाईला सांगितलं होतं! पुस्तकात नाही. काढून टाकलं कारण इंग्लंडच्या वाचकांना सोशीक, धार्मिक, पवित्र गुलाम बाई हवी होती. मला तर वाटतं की कापलेला भागही लढाईचाच होता. ज्या समाजात तुझं शरीर दुसऱ्याच्या मालकीचं, तिथे जो पुरुष पैसे देऊ शकतो, सोडवू शकतो त्याच्याबरोबर राहणं हा हिशेब करणाऱ्या कितीतरी बाया त्या बेटांवर होत्या, आणि सुटलेल्या गुलामांत बायकांचं प्रमाण जास्त असायचं त्याचं एक कारण हेही. कोणाला ते ऐकायला बरं वाटो न वाटो.

या खटल्यांनंतर मेरीची नोंद कागदोपत्री कुठेच नाही. आज बर्म्युडात ती राष्ट्रीय वीर आहे, लंडनला ती राहायची त्या भागात पाटी आहे.

इकडे मेरीचं पुस्तक छापून येत होतं त्याच सुमारास, १८३१ च्या मार्चमध्ये, अँटिग्वात गडबड झाली, कारण सरकारने रविवारचा बाजार बंद केला. रविवार म्हणजे देवाचा वार, बाजार कसला. पण गुलामांना सुट्टी तेवढीच, परसातला भाजीपाला, कोंबड्या विकून चार पैसे मिळायचे ते तेव्हाच, आणि बदल्यात दुसरा दिवस दिलाच नाही. बाजारात बसणाऱ्या बहुतेक बायका. लोक जमले, विरोध झाला, मळ्यांवर उसाला आगी लागल्या. मेरीची कॉफी आणि कंद आठवा म्हणजे कळेल की तो बाजार नुसता बाजार का नव्हता.

१८३३ मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला. बहुतेक बेटांवर 'उमेदवारी' (अप्रेंटिसशिप) नावाखाली आणखी चार वर्षं फुकट राबवलं, अँटिग्वाने मात्र एकदम सोडलं. दयेने नाही, ऊस सोडून दुसरी जमीनच कुठे शिल्लक नव्हती, सुटलेली माणसं परत त्याच मळ्यावर येणार हे मालकांना माहीत होतं. भरपाई २ कोटी पौंड, सगळी मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिस्सा ब्रिटनने २०१५ मध्ये फेडला. सुटलेल्या बायकांनी बऱ्याच बेटांवर पहिली गोष्ट काय केली तर मोठ्या टोळीतून अंग काढून घेतलं, स्वतःची भाजी, स्वतःचा बाजार, मुलं घरी, आणि मळेवाल्यांची पत्रंच्या पत्रं सुरू झाली की बायका कामाला येत नाहीत.

मग ब्रिटिश वसाहतींतल्या मळेवाल्यांनी मजूर आणले ते आपल्याकडून. मॉरिशसला, म्हणजे ब्रिटिशांच्याच दुसऱ्या एका ऊसबेटावर, १८३४ पासूनच जहाजं जायला लागली, बहुतेक कलकत्त्याहून, पण मुंबईहूनही, आणि त्यात आपले कोकणातले लोक होते, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि गणपती बसवतात. करारावर गेलेली ती माणसं गुलाम नव्हती, दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही, पण ज्या उसात काल मोझांबिक, मादागास्करहून आणलेल्या बायका राबत होत्या त्याच उसात या गेल्या. पुढचं पोस्ट त्यांच्यावर लिहायचा विचार आहे. मॉरिशसमधून कोणी वाचत असेल आणि घरात पणजी-खापरपणजीचा इमिग्रेशन नंबर असलेला जुना कागद असेल तर मला जरूर कळवा.